रीडिंग ‘मॅनेज’ केलं, म्हणजे नेमकं काय केलं?

बी.एस्सी. केलेल्या कुणालाही ‘रिझल्ट आणायचा’ म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. उत्तर आधीच माहीत असतं. गुरुत्वत्वरण ९८१ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉम. मग सूत्र उलटं फिरवायचं, हे उत्तर यायला रीडिंग किती यायला हवं होतं ते काढायचं, त्यात इकडेतिकडे थोडा फरक घालायचा (कारण सगळंच चोख आलं तर सरांना शंका येते) आणि ऑब्झर्वेशन टेबल भरून टाकायचं. याला कुणी ‘बॅक कॅल्क्युलेशन’ म्हणतं, कुणी ‘रीडिंग सेट करणं’. आमच्याकडे ‘मॅनेज करणं’ म्हणायचे. ‘खोटं लिहिणं’ असं मात्र कुणीच म्हणत नाही.

का म्हणत नाही? आणि म्हणायला हवं का? या दोन प्रश्नांचा मी बरीच वर्षं विचार करते आहे.

मी बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे दोन्ही विषय शेवटपर्यंत ठेवले. त्यामागे काही थोर ओढ वगैरे नव्हती. एकात नोकरी लागली नाही तर दुसऱ्यात लागेल, असा घरचा साधा हिशेब होता. त्यामुळे आठवड्यातले दोन दिवस फिजिक्सच्या लॅबमध्ये जायचे, खिडक्यांना काळे पडदे लावून. दोन दिवस केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये, ॲप्रनला ॲसिडची भोकं पाडून घेत. आता मी एका सीनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर प्रॅक्टिकल घेते. परीक्षेच्या तोंडावर जर्नलांचा गठ्ठा टेबलावर येतो. प्रत्येक जर्नलच्या पहिल्या पानावर सर्टिफिकेट असतं. विद्यार्थ्यानं वर्षभराची प्रॅक्टिकल्स समाधानकारकपणे पूर्ण केली आहेत, असं त्यावर छापलेलं असतं आणि खाली मी सही करायची असते. त्या सहीमुळे हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी राहिलेला नाही.

फसतंय कोण?

आधी बचावाची बाजू नीट ऐकू या. ती वाटते तितकी लेचीपेची नाही.

हॉस्टेलवर माझी रूममेट हा मुद्दा फार छान मांडायची. “अगं, खोटं बोलायला समोरचा फसावा लागतो. इथे फसतंय कोण? सरांना माहीत आहे. मामांना माहीत आहे. एक्स्टर्नल स्वतः याच रस्त्यानं पास होऊन आलाय.” मामा म्हणजे आमच्या लॅबचे अटेंडंट. कुठलं ब्युरेट गळतं आणि कुठल्या स्टॉपवॉचचं बटण अडकतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसायचं.

रूममेटच्या बोलण्यात तथ्य आहे. फसवण्याच्या हेतूनं केलेलं विधान म्हणजे खोटं, ही व्याख्या सेंट ऑगस्टीनपासून चालत आलेली आहे. फसणारा कुणीच नसेल, तर खोटंही नाही. लग्नात “जेवण फार सुंदर होतं” असं आपण यजमानांना म्हणतो, तेव्हा कुणी त्याला असत्य म्हणत नाही. तो शिष्टाचार असतो. जर्नलमधलं ९८१ हाही तसाच एक शिष्टाचार म्हणता येईल.

दुसरा मुद्दा आपल्या भाषेतच लपलेला आहे. मराठीत लॅबमध्ये होतो तो ‘प्रयोग’ आणि रंगमंचावर नाटकाचा होतो तोही ‘प्रयोग’. नाटकाचा शेवट नटाला पहिल्या दिवसापासून पाठ असतो आणि तरीही तो प्रेक्षकांना फसवतो असं आपण म्हणत नाही. बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल हा याच दुसऱ्या अर्थाचा प्रयोग आहे, असं मानलं तर? नवं काही शोधायचं नाही, झालेलं पुन्हा करून दाखवायचं. मग शेवट आधी ठरलेला असला तर बिघडलं कुठे?

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. प्रामाणिकपणाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. नवी उपकरणं, दहा जणांची बॅच आणि स्वतंत्र टेबल असलेल्या कॉलेजात खरं रीडिंग लिहिणं स्वस्त आहे, कारण तिथे खरं रीडिंग उत्तराच्या जवळच येतं. जिथे वीस जणांत दोन स्पेक्ट्रोमीटर आहेत, त्यातल्या एकाचा स्क्रू फिरत नाही, आणि तीन तासांतली जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं वाट्याला येतात, तिथे खरं लिहिणाऱ्याचे मार्क जातात. त्या मार्कांवर एम.एस्सी.ची सीट अवलंबून असते. गळक्या ब्युरेटचा दंड मुलीनं का भरायचा?

या तिन्ही मुद्द्यांना उत्तर द्यायचं, तर आधी दोन्ही लॅबमध्ये काय शिकवतात ते पाहावं लागेल.

दोन लॅब, दोन शिस्ती

फिजिक्सच्या लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात ‘एरर’ शिकवतात. मोजमाप म्हणजे एक आकडा आणि त्याच्यापुढे अधिक-उणे चिन्हानंतर दुसरा आकडा. पहिला आकडा आपल्याला काय कळलं ते सांगतो, दुसरा ते किती खात्रीनं कळलं ते. पाच रीडिंग्ज घेतली आणि पाचही वेगळी आली, तरी तो फरक टाकून द्यायचा नसतो. फरकाचाच हिशेब मांडायचा असतो.

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये नियम उलटा वाटतो. टायट्रेशन करताना पहिलं रीडिंग ‘पायलट’, म्हणजे अंदाजाचं. ते हिशेबात धरत नाहीत. मग पुन्हा करायचं, पुन्हा करायचं, लागोपाठची रीडिंग्ज सारखी येईपर्यंत करायचं. त्या सारख्या आलेल्या आकड्याला सी.बी.आर. म्हणतात, कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. १०.२, १०.२, १०.२. फिनॉल्फ्थॅलिनचा फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचं. एक थेंब जास्त पडला की गडद गुलाबी, आणि पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे सोमवारी सांगायचे, फरक जपून ठेवा. बुधवारी सांगायचे, फरक जाईपर्यंत पुन्हा करा. दोन्ही विषय एकत्र घेतलेल्या मुलीला यात विसंगती दिसणारच. पायलट रीडिंग वगळणं प्रामाणिक असेल, तर मला न आवडलेलं चौथं रीडिंग वगळणं अप्रामाणिक कसं?

याचं उत्तर मला हळूहळू सापडलं आणि ते फार साधं आहे. पायलट रीडिंग वगळायचं हे ब्युरेट भरण्याआधी ठरलेलं असतं. त्याचा आकडा काही का असेना, ते वगळायचंच. चौथं रीडिंग मात्र मी आकडा पाहिल्यावर वगळते. पहिल्यात नियम मला बांधून ठेवतो. दुसऱ्यात मी नियमाला माझ्या उत्तराभोवती गुंडाळते. ब्युरेटवर दिसणारी खूण ०.१ मिलिलिटरची आणि एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असल्यामुळे तीन रीडिंग्ज खरोखर एकसारखी येऊ शकतात. त्यामुळे टेबलाकडे पाहून प्रामाणिकपणा ओळखता येत नाही. तो आकड्यात नसतो, आकडा येण्याआधी काय ठरलं होतं त्यात असतो.

ही रेषा मोठ्यांनाही अवघड जाते. रॉबर्ट मिलिकननं तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला, हे आपण बारावीत वाचलेलं असतं. १९१३ च्या निबंधात त्यानं ५८ थेंबांचे आकडे दिले. हे निवडक थेंब नाहीत, लागोपाठच्या ६० दिवसांत ज्यांच्यावर प्रयोग झाला ते सगळे आहेत, असंही लिहिलं. पुढे त्याच्या वह्या तपासल्या गेल्या तेव्हा त्यांत शंभराहून अधिक थेंबांच्या नोंदी निघाल्या. वगळलेले थेंब धरले तरी त्याचं उत्तर फारसं बदललं नसतं, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. म्हणजे उत्तराला धोका नव्हता, तरी ते एक वाक्य खरं नव्हतं. मिलिकनला १९२३ चं नोबेल मिळालं.

यातला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मिलिकनचा आकडा आजच्या आकड्यापेक्षा थोडा कमी होता, कारण हवेच्या विष्यंदितेचा त्यानं वापरलेला आकडा अचूक नव्हता. रिचर्ड फाइनमननं १९७४ मध्ये कॅलटेकच्या पदवीदान समारंभात सांगितलं की, त्यानंतरच्या मोजमापांतले आकडे एकदम बरोबर जागी गेले नाहीत, थोडेथोडे सरकत गेले. मिलिकनपेक्षा बराच जास्त आकडा आला की लोक आपली चूक कुठे झाली ते शोधत बसायचे. जवळपास आला की तितक्या कसून शोधायचे नाहीत. यातल्या कुणीही खोटं रीडिंग लिहिलं नव्हतं. तरीही ‘माहीत असलेलं उत्तर’ त्यांच्या डोळ्यांवर बसलेलं होतं.

लंडनचं जी, महाराष्ट्रातली लॅब

आता आपल्या ९८१ कडे येऊ.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्ताशी थोडी फुगलेली आहे. त्यामुळे गुरुत्वत्वरण सगळीकडे सारखं नसतं. विषुववृत्तावर कमी, ध्रुवांकडे जास्त. लंडनमध्ये ते ९८१ च्या किंचित वर आहे. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर ते साधारण ९७८ ते ९७९ च्या दरम्यान येतं. म्हणजे लातूर, जळगाव किंवा रत्नागिरीच्या लॅबमध्ये कुणी रीडिंग्ज वळवून वळवून ९८१ आणतं, तेव्हा ती मुलगी बरोबर उत्तर आणत नसते. ती आपल्या गावात लंडनचं गुरुत्वाकर्षण आणत असते.

मागच्या वर्षी एस.वाय.ची एक विद्यार्थिनी बार पेंडुलमचा प्रयोग करून वही घेऊन आली. पेन्सिलनं ९६८ लिहिलं होतं, त्याखाली पेनानं ९८०.

“मॅडम, कुठलं ठेवू?”

मी म्हटलं, “बस, आधी हिशेब करू.”

तिनं २० आंदोलनांचा वेळ मोजला होता, साधारण ३१ सेकंद. स्टॉपवॉच सुरू करताना आणि थांबवताना माणसाच्या हाताकडून ०.२ सेकंद इकडेतिकडे सहज होतात. ३१ मध्ये ०.२, म्हणजे सुमारे ०.६५ टक्के. सूत्रात वेळेचा वर्ग येतो, म्हणून ही चूक दुप्पट होते, सुमारे १.३ टक्के. ९६८ चे १.३ टक्के म्हणजे जवळपास १३. तिचं खरं उत्तर होतं ९६८ अधिक-उणे १३. म्हणजे ९५५ ते ९८१ च्या मधलं काहीही. आपल्याकडचं ९७८ त्यात व्यवस्थित बसतं.

तिचं पेन्सिलचं उत्तर बरोबर होतं. पेनातला आकडा, त्यापुढे अधिक-उणे न लिहिता, तिच्या हाताला शक्य नसलेली अचूकता सांगत होता. तिला वाटत होतं की खरं आणि बरोबर यांतलं एक निवडावं लागणार. प्रत्यक्षात दोन्ही पेन्सिलनंच लिहिलेलं होतं.

दर वेळी असं होणार नाही, हे मलाही कळतं. गळक्या ब्युरेटचं रीडिंग हिशेबानं वाचवता येत नाही. पण माझा अंदाज असा आहे की, मॅनेज केलेल्या कितीतरी रीडिंग्जना मॅनेज करण्याची मुळात गरजच नसते. एररचा हिशेब कुणी करून दाखवलेला नसतो, म्हणून मुलं बरोबर उत्तर खोडून दुसऱ्याचं उत्तर लिहितात.

मग तिनं विचारलं, “मॅडम, पण एक्स्टर्नल हे मानतील का?”

मानतील असं वचन मी तिला देऊ शकले नाही.

उरलेला बुडबुडा

प्रयोग म्हणजे पाठ केलेलं करून दाखवणं, या मुद्द्याला उत्तर द्यायला मला एकच गोष्ट पुरते. ती माझ्या दोन्ही विषयांच्या सीमेवर घडली.

१८९२ च्या सुमारास लॉर्ड रॅले हा भौतिकशास्त्रज्ञ नायट्रोजनची घनता मोजत होता. कंटाळवाणं काम. वायू भरा, तोला, पुन्हा भरा, पुन्हा तोला. हवेतून इतर वायू काढून उरवलेला नायट्रोजन आणि अमोनियाच्या मदतीनं मिळवलेला नायट्रोजन, यांच्या वजनात सुमारे हजारात एक इतका फरक येत होता. अमोनियावाला हलका.

हजारात एक! आपल्या लॅबमध्ये हा फरक कुणाला दिसलाही नसता, आणि दिसला असता तर शेवटचा अंक बदलून मिटवला असता. रॅलेनं उलट केलं. फरक कमी करण्याऐवजी त्यानं तो वाढवायचा प्रयत्न केला. त्याच्या अमोनियाच्या पद्धतीत नायट्रोजनचा काही भाग हवेतूनच येत होता. हवेच्या जागी शुद्ध ऑक्सिजन वापरून त्यानं सगळा नायट्रोजन अमोनियातूनच येईल अशी व्यवस्था केली. फरक हजारात एकवरून दोनशेत एक झाला. आता तो हाताची चूक म्हणून झटकता येण्यासारखा राहिला नव्हता.

दरम्यान त्यानं ‘नेचर’मध्ये पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांना विचारलं, हे असं का होत असावं? पुढे विल्यम रॅमझी हा रसायनशास्त्रज्ञ कामाला लागला. हवेतला नायट्रोजन त्यानं तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा नेला. मॅग्नेशियम नायट्रोजन शोषून घेतं. शेवटी थोडा वायू उरला, जो कशानंच शोषला जाईना. त्याच्या वर्णपटात कुठल्याही माहीत असलेल्या मूलद्रव्याशी न जुळणाऱ्या रेषा होत्या. १८९४ मध्ये दोघांनी नवा वायू जाहीर केला. नाव ठेवलं आर्गॉन, ग्रीकमध्ये ‘आळशी’. आवर्तसारणीत त्याला बसायला जागा नव्हती, त्यामुळे खुद्द मेंडेलीव्हलाही तो नायट्रोजनचाच काही प्रकार असावा असं वाटलं. १९०४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल रॅलेला आणि रसायनशास्त्राचं रॅमझीला मिळालं.

आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात हा वायू जवळजवळ एक टक्का असतो. तो सगळ्यांच्या नाकासमोर होता.

याच्या शंभरेक वर्षं आधी, १७८५ मध्ये, हेन्री कॅव्हेंडिशनं हवेत विजेच्या ठिणग्या पाडून नायट्रोजन संपवायचा प्रयत्न केला होता. सगळा गेल्यावर एक छोटासा बुडबुडा उरला. त्यानं लिहून ठेवलं की, हा मूळ वायूच्या १/१२० पेक्षा जास्त नसावा. त्याचं काय करायचं हे त्याला कळलं नाही. पण त्यानं तो बुडबुडा शून्य करून टाकला नाही. रॅमझीच्या काळात त्या नोंदीकडे लोक पुन्हा वळू शकले, कारण ती नोंद तिथे होती.

मला इथे नाटकाच्या आणि लॅबच्या प्रयोगातला फरक दिसतो. नाटकात समोरचा नट लिहिलेलंच वाक्य बोलतो. लॅबमध्ये समोर कोण आहे? हवा, मीठ, लोलक, प्रकाश. त्यांना संहिता दिलेली नसते. शंभर वेळा ते ठरलेलं बोलतील, एकशे एकाव्या वेळी बोलणार नाहीत. ते काय म्हणतात हे ऐकायला आपण तिथे उभे असतो. मॅनेज करणं म्हणजे एखाद्याला प्रश्न विचारायचा आणि त्यानं तोंड उघडायच्या आत आपणच उत्तर देऊन टाकायचं.

‘फसतंय कोण’ याचं उत्तरही मला इथेच मिळतं. सर फसत नाहीत, हे खरं. पण कुणी फसलं नाही म्हणजे काही बिघडलं नाही, असं होत नाही. जग आपल्याला ‘नाही’ म्हणू शकतं, ही एकच गोष्ट शिकण्यासाठी लॅब असते. बाकी सगळं पुस्तकात आणि यूट्यूबवर मिळतं. ते ‘नाही’ ऐकण्याची संधी तीन वर्षं दर आठवड्याला येते आणि दर आठवड्याला आपण ती परत पाठवतो. यात नुकसान होतं ते रीडिंग लिहिणाऱ्याच्या डोळ्याचं.

एम.आय.डी.सी.च्या गेटवर घंटा वाजत नाही

“ठीक आहे, पण आम्ही कुठे शास्त्रज्ञ होणार आहोत?” हा प्रश्न मला वर्गात दर वर्षी येतो. रास्त आहे. बी.एस्सी. केमिस्ट्री केलेली कितीतरी मुलं तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ इथल्या एम.आय.डी.सी.त क्वालिटी कंट्रोलला लागतात. तिथे काय करतात? टायट्रेशन करतात. पी.एच. पाहतात. यंत्रातून ग्राफ काढतात. औषधाची बॅच बाहेर जाऊ द्यायची की थांबवायची, हे त्या आकड्यांवर ठरतं.

तिथेही उत्तर आधीच माहीत असतं. अमुक टक्क्यांच्या मध्ये यायला हवं. रात्रपाळी असते, ट्रक उभा असतो, वरिष्ठांचा फोन येतो. आणि समोर एक टेबल असतं, जे उलट्या हिशेबानं भरायचं कसं हे हाताला पाठ असतं.

मे २०१३ मध्ये रॅनबॅक्सीच्या अमेरिकेतल्या उपकंपनीनं तिथल्या न्यायालयात गुन्हे कबूल केले आणि एकूण ५० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. ठरलेल्या दर्जानुसार न बनवलेली औषधं विकणं आणि सरकारी यंत्रणेला खोटी माहिती देणं, असे ते गुन्हे होते. खोट्या आकड्यांचा हा मामला कंपनीतल्याच माणसानं, दिनेश ठाकूर यांनी, बाहेर आणला. आज औषध उद्योगात ‘डेटा इंटेग्रिटी’ या नावाखाली नियमांचं सगळं शास्त्र उभं आहे. त्याचा गाभा साधा आहे. जे दिसलं ते, दिसलं तेव्हा, ज्याला दिसलं त्यानं लिहायचं, आणि खोडायचं झालं तर मूळ आकडा वाचता येईल असं खोडायचं.

‘सगळ्यांना माहीत आहे’ हा बचाव इथे टिकत नाही. कारण इथे एक माणूस असा आहे, ज्याला माहीत नाही. तो मेडिकलच्या दुकानात उभा आहे आणि गोळीच्या पाकिटावरची तारीख बघतो आहे.

मॅनेज करणारा प्रत्येक विद्यार्थी उद्या औषधात फसवेल, असं मी म्हणत नाही. ते खरं नाही आणि अन्यायाचंही आहे. माझं म्हणणं एवढंच की, कॉलेजच्या लॅबमधून कंपनीच्या लॅबमध्ये पाऊल टाकताना कुठे घंटा वाजत नाही. ‘आजपासून खरं लिहायचं’ असं कुणी सांगत नाही. ब्युरेट तेच, हात तोच, सवय तीच.

मग दोष कुणाचा?

आता तिसरा मुद्दा, गळक्या ब्युरेटचा. त्याला माझ्याकडे मुलांना गप्प करणारं उत्तर नाही, कारण तो मुद्दा बराचसा बरोबर आहे.

आपण ज्या गोष्टीला मार्क देतो, ती गोष्ट आपल्याला मिळते. ‘रिझल्ट’ला मार्क दिले की रिझल्ट मिळतात, कसेही. वर्षानुवर्षं एकच पेंडुलम, एकच अपेक्षित आकडा आणि त्या आकड्याला दोन मार्क, अशी व्यवस्था ठेवायची आणि मग मुलांच्या चारित्र्यावर भाषण द्यायचं, हे मला पटत नाही. दोषाचा मोठा वाटा ही व्यवस्था चालवणाऱ्यांकडे जातो. त्यांत, सही करणारी म्हणून, मीही मोडते.

पण दोषाची वाटणी आणि नुकसानाची वाटणी एकसारखी होत नाही. दोष व्यवस्थेचा जास्त, नुकसान विद्यार्थ्याचं जास्त. आणि नुकसान टाळायचं असेल तर व्यवस्था सुधारण्याची वाट पाहून चालत नाही. म्हणून मी माझ्या हातात आहे तेवढं करते. इंटर्नलचे मार्क माझ्याकडे असतात. त्यात उत्तराच्या आकड्याला मी मार्क देत नाही. उत्तर एवढं का आलं असावं, याच्या दोन ओळींना देते. ‘ब्युरेट क्रमांक ३ चा कॉक गळत होता, दहा मिनिटांत पातळी इतकी उतरली’ असं कुणी मोजून लिहिलं, तर मला त्यात सी.बी.आर.पेक्षा जास्त रसायनशास्त्र दिसतं. पहिल्या वर्षी मुलांना हा सापळा वाटला. कुणीच काही लिहिलं नाही. आता वीसातल्या सात-आठ वह्यांत ९६८, ९९३, ९५५ असे आकडे यायला लागले आहेत, अधिक-उणे चिन्हासकट.

युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत हे चालेलच असं नाही. तिथे कुणी ९८० लिहून आलं, तर मी त्याला पापी म्हणणार नाही. भीतीपोटी केलेल्या गोष्टीला मी तेवढं मोठं नाव देत नाही. पण ‘शिष्टाचार’ असंही मी तिला म्हणणार नाही. ते खोटंच आहे. लहान आहे, बहुतेक वेळा लादलेलं आहे, पण खोटं आहे. तसं म्हणण्यात कुणाला दोषी ठरवण्यापेक्षा दुसराच फायदा आहे. ज्याला आपण ‘मॅनेज’ म्हणतो, ते करताना हात थांबत नाही. ज्याला ‘खोटं’ म्हणतो, ते करण्याआधी निदान एक क्षण तरी थांबतो.

तुमचं प्रॅक्टिकल पुढच्या आठवड्यात असेल, तर एवढंच करून पाहा. फेअर जर्नलमध्ये काय उतरवायचं ते नंतर ठरवा. पण रफ वहीत, लोलक थांबल्यावर स्टॉपवॉचवर जे दिसलं ते आधी लिहा, पेनानं. मग हिशेब करा, आणि तो आकडा तितका वाईट आहे का ते बघा.